छातीची भाषा शिकलेली कल्याणची कन्या

भातसा नदीच्या काठचे खडवली, महागणपतीचे टिटवाळे आणि दुर्गाडी किल्ल्याचे कल्याण हा सारा परिसर ज्या एका स्त्रीचे नाव अभिमानाने सांगतो, ती म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. सातासमुद्रापार जाऊन वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली महाराष्ट्रीय स्त्री म्हणून शाळकरी मुलांनाही त्या ठाऊक असतात. त्यांच्या आयुष्यावर चरित्रे लिहिली गेली, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी लोकप्रिय झाली आणि २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपटही आला. या साऱ्यांतून हट्टी पती आणि जिद्दी पत्नी यांची कथा घराघरांत पोहोचली. त्या कथेतला एक धागा मात्र सहसा हाती धरला जात नाही. तो धागा आहे छातीच्या तपासणीचा. आपल्या देशातील स्त्रियांना निःसंकोचपणे अंग दाखवता येईल असा डॉक्टर मिळावा, म्हणून आनंदीबाई परदेशी गेल्या आणि ज्या आजाराचा माग डॉक्टर छातीवर हात ठेवून व कान लावून काढतात, त्याच क्षयाने वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच त्यांना नेले.

कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. घराणे एके काळी जमीनजुमल्याचे, पण तेव्हा उतरती कळा लागलेले. कल्याणपर्यंत रेल्वे १८५४ मध्येच येऊन पोहोचली होती आणि पुढच्याच वर्षी ती आजच्या खडवलीच्या शिवारातून वाशिंदपर्यंत धावू लागली होती. नव्या युगाची शिट्टी गावाच्या वेशीवर वाजत असली, तरी घरांचे माजघर जुन्याच काळात होते. मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी व्हावे, हा नियम तिथे अबाधित होता. त्यानुसार नवव्या वर्षी यमुनेचा विवाह टपाल खात्यात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. लग्नानंतर यमुनेची ‘आनंदी’ झाली. बायकोला शिकवायचेच, हा गोपाळरावांचा ध्यास होता आणि त्यापायी ते प्रसंगी कठोरही होत. अलिबाग, कोल्हापूर, पुढे कोलकाता व सेरामपूर अशा बदल्यांबरोबर आनंदीबाईंचे शिक्षणही पुढे सरकत राहिले.

वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. योग्य वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली असती तर मूल वाचले असते, ही खंत त्यांच्या मनात कायमची राहिली. डॉक्टर व्हायचे, हा निश्चय याच दुःखातून रुजला, असे त्यांचे चरित्रकार मानतात. त्या काळच्या घरंदाज स्त्रीचे दुखणे कसे पाहिले जाई, याची कल्पना केली म्हणजे या निश्चयामागचे कारण अधिक स्पष्ट होते. वैद्य किंवा डॉक्टर पुरुष. रोगी बाई पडद्याआड किंवा पदराआड. फार तर नाडी पाहण्यापुरता हात पुढे येई आणि बाकीची लक्षणे नवरा किंवा सासू सांगे. पोटाचे व बाळंतपणाचे विकार तर अंधारात राहतच, पण खोकला, ताप, दम यांसारख्या छातीच्या तक्रारींचेही तेच होई. कारण छाती कपड्यांवरून तपासता येत नाही. तिला उघड्या अंगावर, पुढून व मागून, पाहावे लागते.

ही अडचण केवळ आपल्याकडचीच होती असे नाही. स्टेथोस्कोपचा जन्मच मुळी एका स्त्रीरुग्णाच्या संकोचातून झाला आहे. त्याआधी डॉक्टर रोग्याच्या छातीला थेट कान लावून ऐकत. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रेने लेनेक यांच्यापुढे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण, स्थूल स्त्री आली. तिच्या छातीला कान लावणे प्रशस्त नव्हते आणि स्थूलपणामुळे हातांनाही काही समजत नव्हते. लाकडाच्या एका टोकाला केलेला बारीकसा आवाज दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येतो, हे लेनेक यांना आठवले. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले व दुसऱ्याला कान लावला. हृदयाचे ठोके थेट कान लावूनही कधी ऐकू आले नव्हते, इतके स्पष्ट ऐकू आले. पुढे त्यांनी लाकडी नळी बनवली, शेकडो रोग्यांच्या छातीतले आवाज टिपले, मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनात सापडलेल्या खुणांशी ते ताडून पाहिले आणि १८१९ मध्ये या विषयावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्त्री-पुरुषांमध्ये सभ्यतेचे जे अंतर मानले जाई, ते राखूनही रोगापर्यंत पोहोचण्याची वाट त्या नळीने दाखवली.

त्याच्याही पूर्वी, १७६१ मध्ये, व्हिएन्नातील डॉक्टर लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी छातीवर बोटांनी ठोकून आतली स्थिती ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली होती. त्यांचे वडील खाणावळ चालवत. पिंपात द्रव किती उरला आहे हे बाहेरून ठोकून ओळखता येते, हे त्यांनी लहानपणीच पाहिले होते. बाजारात मडके घेताना टिचकी मारून पाहणाऱ्या किंवा फणस पिकला का ते बोटांनी ठोकून ठरवणाऱ्या आपल्या आजीबाईंना ही रीत वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. वैद्यकाने मात्र तिच्याकडे बरीच वर्षे दुर्लक्ष केले. लेनेक यांचे गुरू कॉर्व्हिसार यांनी १८०८ मध्ये त्या छोट्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा कुठे ती रुजली.

छाती तपासण्याची जी पद्धत अशा रीतीने घडत गेली, तिच्या चार पायऱ्या आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकाव्या लागतात. पाहणे, हात लावणे, ठोकणे आणि ऐकणे. आयुर्वेदालाही दर्शन आणि स्पर्शन या परीक्षा परक्या नाहीत. रोगी समोर बसला की डॉक्टर आधी नुसते पाहतात. श्वास मिनिटाला किती वेळा चालतो, श्वास घेताना मानेचे स्नायू ताणले जातात का, बरगड्यांमधील जागा आत ओढली जाते का, छातीच्या दोन्ही बाजू सारख्या फुगतात का, हासळीच्या हाडाच्या वरचा खळगा एका बाजूला अधिक खोल दिसतो का, हे सारे हात लावण्यापूर्वीच कळते. जुन्या क्षयात फुप्फुसाचा वरचा भाग आक्रसतो आणि त्या बाजूचा खळगा खोल दिसू लागतो.

मग हातांची पाळी. गळ्याच्या खालच्या खाचेत बोट ठेवून श्वासनलिका मध्यावर आहे की एका बाजूला सरकली आहे, ते पाहतात. दोन्ही तळवे पाठीवर ठेवून रोग्याला ‘एक, दोन, तीन’ म्हणायला सांगतात. बोलण्याची कंपने हाताला जाणवतात. न्यूमोनियाने फुप्फुस घट्ट झाले असेल तर ती वाढतात आणि छातीत पाणी साठले असेल तर नाहीशी होतात. त्यानंतर डाव्या हाताचे मधले बोट छातीवर सपाट ठेवून त्यावर उजव्या हाताच्या मधल्या बोटाने, मनगटातून हलकेच ठोकतात. हवेने भरलेले निरोगी फुप्फुस घुमते, घट्ट झालेले बद्द वाजते, पाण्यावरचा आवाज दगडावर ठोकल्यासारखा येतो आणि फुप्फुसाबाहेर हवा कोंडली असेल तर छाती ढोलासारखी वाजते.

शेवटी नळी. निरोगी फुप्फुसाचा श्वास पानांच्या सळसळीसारखा मऊ ऐकू येतो. घट्ट झालेल्या भागावर तोच श्वास पोकळ नळीतून फुंकल्यासारखा कर्कश होतो. दम्यात शिट्ट्या वाजतात. फुप्फुसावरच्या आवरणाला सूज आली असेल तर नवी वहाण करकरावी तसा घर्षणाचा आवाज येतो. कानाजवळ केसांची बट बोटांत चुरली असता जसा बारीक आवाज होतो, तसा चुरचुर आवाज फुप्फुसातील ओलाव्याची खूण असतो. क्षयाचा संशय असेल तर डॉक्टर हासळीच्या वर व खाली, तसेच पाठीमागे खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या बाजूला नळी ठेवून रोग्याला खोकायला लावतात, कारण खोकल्यानंतरच्या श्वासात ही चुरचुर अधिक स्पष्ट होते. फुप्फुसात मोठी पोकळी झाली असेल, तर बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा श्वास ऐकू येतो आणि रोग्याने कुजबुजलेले शब्दही छातीतून थेट कानात उमटतात.

ही विद्या शिकण्यासाठी आनंदीबाईंना दारे अशी उघडली. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकी मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार तिकडच्या एका नियतकालिकात छापून आला. न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात तो आला आणि तिने आपण होऊन आनंदीबाईंना पत्र लिहिले. या पत्रमैत्रीतून दोघींमध्ये मावशी-भाचीचे नाते जुळले. परदेशगमनाला समाजाचा कडाडून विरोध होता. फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूरच्या महाविद्यालयाच्या सभागृहात, अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जात आहोत, हे जाहीर व्याख्यानात मांडले. हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे आणि ती भागवण्यासाठी आपण पुढे होत आहोत, हा त्या व्याख्यानाचा गाभा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या कोलकात्याहून बोटीने निघाल्या, त्याही पतीविना. जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात दाखल झाल्या. स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण देण्यासाठी १८५० मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय जगातील अशा पहिल्या संस्थांपैकी एक. तिथल्या अधिष्ठाता रेचल बॉडले यांनी या परदेशी विद्यार्थिनीला मायेने सांभाळले.

तो काळ वैद्यकशास्त्रात मोठ्या उलथापालथीचा होता. दोन्ही कानांत घालायचा रबरी नळ्यांचा स्टेथोस्कोप न्यूयॉर्कच्या डॉ. जॉर्ज कॅमन यांनी १८५२ मध्ये प्रचारात आणला होता. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू सापडल्याचे जाहीर केले होते, म्हणजे आनंदीबाई बोटीत बसण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. क्षय हा घराण्याचा दोष किंवा नशिबाचा भोग नसून संसर्गाने होणारा रोग आहे, हे विज्ञानाने नुकतेच सिद्ध केले होते. क्ष-किरणांचा शोध लागायला मात्र अजून बरीच वर्षे होती. छातीच्या आत काय चालले आहे, हे जिवंत माणसात समजून घ्यायचे तर डॉक्टरांचे डोळे, हात आणि कान हेच खरे साधन होते.

आनंदीबाईंची प्रकृती मुळातच नाजूक. फिलाडेल्फियाची कडाक्याची थंडी, सवय नसलेला आहार, आचार पाळण्याचा आग्रह आणि अभ्यासाचा ताण यांनी ती अधिकच खालावली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम. डी. ही पदवी मिळवली. हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई आवर्जून उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची सूत्रे त्यांच्याकडे सोपवण्याचे ठरवले. आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय ते हेच. सेरामपूरच्या व्याख्यानात सांगितलेले स्वप्न हाताच्या अंतरावर आले होते.

पण क्षयाने शरीरात घर केले होते. या रोगाचा तेव्हाचा इतिहास मन विषण्ण करतो. डॉक्टर छातीवर ठोकून, नळी लावून, फुप्फुसाचा कोणता भाग गेला आहे आणि किती उरला आहे, हे बऱ्याच अचूकपणे सांगू शकत. जंतूचे नाव कळले होते आणि थुंकीत तो सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येत होता. मात्र त्याला मारणारे औषध जगात कुठेच नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न यापलीकडे देण्यासारखे काही नव्हते. ज्यांनी छातीचे आवाज जगाला वाचायला शिकवले, ते लेनेक स्वतः १८२६ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी क्षयानेच गेले. त्यांच्याच नळीने त्यांच्या पुतण्याने त्यांची छाती तपासली आणि जे ऐकू आले त्याचा अर्थ लेनेक यांना समजावून सांगावा लागला नाही. साठ वर्षांनी आनंदीबाईंच्या वाट्यालाही तेच ज्ञान आणि तीच असहायता आली. रोग ओळखण्याची विद्या शिकलेल्या या डॉक्टरला आपल्या खोकल्याचा, तापाचा आणि दिवसेंदिवस घटत जाणाऱ्या वजनाचा अर्थ कळत नसेल, असे मानणे कठीण आहे.

१६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबई बंदरात उतरल्या. ज्या समाजाने जाताना दूषणे दिली होती, त्याच समाजाने त्यांचे कौतुक केले. कोल्हापूरचे काम सुरू करण्याइतके बळ मात्र त्यांच्या अंगी उरले नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. पदवी मिळून पुरते एक वर्षही झाले नव्हते. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत त्यांना विसावा मिळाला. आपल्या देशातल्या एकाही रुग्णालयात त्यांना रीतसर काम करता आले नाही.

तरीही त्यांनी मांडलेला प्रश्न वाया गेला नाही. इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पीची यांच्या देखरेखीखाली मुंबईत स्त्रिया व बालकांसाठीचे कामा रुग्णालय १८८६ मध्येच सुरू झाले होते. पुढे डॉ. रखमाबाई लंडनला शिकून आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. आज गावोगावच्या आरोग्य केंद्रांत स्त्री डॉक्टर दिसणे नवलाचे राहिलेले नाही. पुरुष डॉक्टर स्त्रीची छाती तपासत असतील तर शेजारी परिचारिका किंवा घरची स्त्री उभी असावी, हा संकेतही रुळला आहे.

वैद्यक तर पार बदलून गेले. १८९५ मध्ये रोंटजेन यांनी क्ष-किरण शोधले आणि छातीच्या आतले चित्र काचेवर उमटू लागले. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि क्षयाला मारणारे पहिले प्रभावी औषध माणसाच्या हाती आले. आज नेहमीचा क्षय सुमारे सहा महिने नियमित औषधे घेतल्यास बरा होतो आणि ती औषधे शासकीय केंद्रांत मोफत मिळतात. थुंकीच्या जनुकीय चाचणीने काही तासांत जंतू सापडतो आणि तो औषधाला दाद देईल की नाही, याचाही अंदाज येतो. नळीच्या मर्यादाही आता स्पष्ट झाल्या आहेत. सुरुवातीच्या क्षयात छाती तपासून काहीही सापडत नाही, असे अनेकदा घडते. म्हणून डॉक्टरांनी नळी लावून छाती साफ असल्याचे सांगितले, तरी दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्याला थुंकीची तपासणी आणि एक्स-रे हेच खरे उत्तर होय.

मग हातांनी छाती तपासण्याचे महत्त्व संपले का? तसे मुळीच नाही. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा संसर्गाच्या भीतीने डॉक्टर आणि रोगी यांच्यात अंतर पडले. सल्ला फोनवर मिळू लागला आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी आले. ती गरज होतीच. पण त्या काळात डॉक्टरांचा हात पाठीवर पडण्याला किती अर्थ असतो, हेही अनेकांना उमगले. खडवलीसारख्या गावात मध्यरात्री दम लागलेला रोगी येतो, तेव्हा एक्स-रे काढण्याआधीच त्याच्या श्वासांची गती मोजणारे डोळे, छातीत पाणी आहे की हवा कोंडली आहे हे सांगणारी बोटे आणि दम्याची शिट्टी ओळखणारा कान हेच पुढचा निर्णय घेतात. त्याला कल्याणला तातडीने हलवायचे की इथेच वाफारा देऊन थांबायचे, हे त्या चार-पाच मिनिटांत ठरते. वीज गेली तरी ही तपासणी थांबत नाही आणि तिला खर्चही येत नाही.

तिला लागतो तो विश्वास. आनंदीबाईंनी नेमके हेच ओळखले होते. उपकरण कितीही चांगले असले, तरी रोग्याने मोकळेपणाने अंग दाखवल्याखेरीज ते मुके राहते. आजही कितीतरी घरांत बाईचा खोकला सगळ्यांत शेवटी दवाखान्याची पायरी चढतो. मुलांचा ताप, सासूबाईंचे गुडघे, नवऱ्याचा रक्तदाब यांचे सारे करून उरलेल्या वेळात तिचा विचार होतो. क्षयाचे नाव निघाले तर लग्न मोडेल, लोक काय म्हणतील, या भीतीने दुखणे झाकलेही जाते. आनंदीबाईंच्या काळी रोग कळला तरी औषध नव्हते. आज औषध गावाजवळच्या केंद्रात आहे आणि उशीर होतो तो दाखवण्यालाच. कल्याणच्या या लेकीचे स्मरण करायचे, तर घरातल्या ज्या बाईचा खोकला दोन आठवडे उलटूनही थांबलेला नाही, तिला बरोबर घेऊन दवाखाना गाठणे, याहून उचित आदरांजली दुसरी नसेल.